1944 चा मुंबई गोदीतला स्फोट: निबंधात आजीचं ऐकू की कागदाचं?

पाऊलवाट | 2 जून, रात्री 9:40

नमस्कार मंडळी,

एका ग्रंथालयाची निबंध स्पर्धा आहे. विषय 'विसाव्या शतकातली एक महत्त्वाची घटना', मर्यादा 1500 शब्द, मुदत महिनाअखेर. मी 14 एप्रिल 1944 चा मुंबई गोदीतला स्फोट निवडलाय. कारण घरातलंच आहे. आजी तेव्हा नऊ वर्षांची होती, माझगावला चाळीत राहायची. आम्ही नातवंडं लहानपणापासून ऐकत आलोय: चार वाजता घर हललं, फडताळातली भांडी खाली आली, सगळे ओरडत सुटले की जपान आला, आणि मग आकाशातून सोन्याचा पाऊस पडला.

आतापर्यंत हाती लागलेलं असं. जहाजाचं नाव फोर्ट स्टिकिन. 24 फेब्रुवारीला इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालं, पोटात सुमारे 1400 टन दारूगोळा. कराचीला थोडा माल उतरवला आणि मोकळ्या झालेल्या जागेत रुईच्या हजारो गाठी भरल्या. शिवाय तेलाची पिंपं, लाकूड, भंगार, गंधक. 12 एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं. 14 ला दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या कोठारातून धूर दिसला. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आतबाहेर दुसरा.

माझ्या अडचणी:
मृतांचा आकडा कुठे 231, कुठे 800, कुठे 1300. कुठला घ्यायचा?
आजीची गोष्ट घ्यायची की नाही? घेतली तर परीक्षक हसतील का?
आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे अकराशे शब्द झालेत आणि जहाज अजून कराचीतच आहे.

खडूफळा | 2 जून, रात्री 10:25

पाऊलवाट, तिसऱ्या अडचणीपासून सुरुवात करते, कारण ती सुटली की पहिल्या दोन निम्म्या सुटतात.

तुझ्याकडे घटना आहे, प्रश्न नाही. 'गोदीतला स्फोट' या दोन शब्दांत पाचशे पानं मावतात, त्यामुळे लिहिताना जे सापडलं ते सगळं महत्त्वाचं वाटतं. पंचवीस वर्षं मुलांचे निबंध तपासलेत, सगळे इथेच अडकतात. एका चिठ्ठीवर एकच प्रश्न लिही आणि ती समोर चिकटव. उदाहरणार्थ: कापूस आणि दारूगोळा एका कोठारात आलाच कसा? किंवा: दोन ते चार या दोन तासांत जहाजाचं काय करायचं हे ठरवण्याचा अधिकार कोणाला होता? किंवा: त्या दिवशी मुंबईकराला नेमकं काय कळलं होतं? तिन्ही चांगले आहेत, पण निबंध एकाचाच होईल. मग प्रत्येक परिच्छेदाला विचारायचं, तू या प्रश्नाच्या कामाचा आहेस का? नसेल तर कितीही जीव जडला असला तरी वहीत परत.

बर्कनहेडची तारीख वहीत परत जाणार, असा माझा अंदाज आहे.

चिमणपाखरू | 2 जून, रात्री 10:31

वाचतेय! मी मुंबईत वाढले आणि हे आज कळतंय. दरवर्षी 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो, तो याच्यामुळेच ना?

गोदीकर | 2 जून, रात्री 11:02

हो पोरी, याच्यामुळेच. अग्निशमन दलाची 66 माणसं त्या दिवशी गेली. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे. हे लोक धूर दिसल्यावर आले आणि पाणी मारत राहिले. आग आत नेमकी कुठे आहे ते सापडत नव्हतं. पळून जायला वेळ होता त्यांना. गेले नाहीत. पाऊलवाट, बाकी काही गाळ, हे गाळू नकोस.

शंकासुर | 3 जून, सकाळी 8:15

मी जरा कडू बोलणार आहे, राग मानू नये.

आजींबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतो, सोन्याचा पाऊस निबंधात येता कामा नये. हिशेब करा. जहाजावर सोन्याच्या 31 पेट्या होत्या, प्रत्येकीत 4 विटा, म्हणजे 124. एकेक वीट साधारण साडेबारा किलोची. सगळं मिळून दीड टन. त्यातल्या बऱ्याच गोदीतच गाळात गेल्या. 1970 च्या दशकातही गाळ काढताना विटा सापडत होत्या. लांब उडालेल्यांपैकी एक वीट एका पारशी गृहस्थांच्या घरात छपरातून पडली आणि त्यांनी ती परत केली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पण एवढ्याला पाऊस म्हणत नाहीत. जे आकाशातून खरोखर पडत होतं ते पेटलेला कापूस, तेल आणि लोखंड. त्यानेच वखारी आणि वस्त्या पेटल्या. मेलेल्या माणसांच्या निबंधात सोनं चमकायला लागलं की वाचकाची नजर तिकडेच जाते.

नऊ वर्षांच्या मुलीने पाहिलेलं, ऐंशी वर्षं सांगून सांगून गुळगुळीत झालेलं. तो पुरावा नव्हे.

पाऊलवाट | 3 जून, सकाळी 9:05

शंकासुर, राग नाही, पण लागलं. 124 चा हिशेब मी केलाच नव्हता, तो माझ्या कामाचा आहे. पण आजी खोटं बोलत नाही हो.

शंकासुर | 3 जून, सकाळी 9:20

खोटं बोलतात असं म्हटलेलं नाही. आठवण खोटी नसते, पण ती एका जागी स्थिर राहत नाही. तीत मागाहून ऐकलेलं मिसळत जातं.

इतिहासवेडा | 3 जून, सकाळी 11:48

शंकासुरांशी सहमत. अवांतर: आख्ख्या महाराष्ट्राची एक आठवण अशीच सरकली आहे. पानिपत संक्रांतीला झालं असं आपण बिनधास्त म्हणतो. लढाई 14 जानेवारी 1761, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, इथपर्यंत बरोबर. पण त्या वर्षी संक्रांत 14 ला नव्हतीच. ती 10 जानेवारीच्या आसपास होती.

चिमणपाखरू | 3 जून, दुपारी 12:03

काय सांगता! संक्रांत तर 14 लाच असते.

इतिहासवेडा | 3 जून, दुपारी 12:40

आत्ताच्या काळात 14 नाहीतर 15. दर सत्तर-बहात्तर वर्षांनी साधारण एक दिवस पुढे सरकते. पटत नसेल तर विवेकानंदांचा जन्म बघ. संक्रांतीच्या दिवशी झाला असं त्यांच्या चरित्रांत असतं आणि तारीख आहे 12 जानेवारी 1863. तिथून शंभर वर्षं मागे जा. 'संक्रांत कोसळली' हा वाक्प्रचार आणि 14 जानेवारी ही तारीख मागाहून एकमेकांना चिकटली आणि आता सुटता सुटत नाहीत.

दर्यावर्दी | 3 जून, दुपारी 1:15

हे फार आवडलं. याच्यावर वेगळा धागा काढा ना.

खडूफळा | 3 जून, दुपारी 2:30

काढाच. इथे मात्र परत गोदीत येऊ या.

मोडीवाचक | 3 जून, संध्याकाळी 6:50

उशिरा आलो. आकड्यांबद्दल बोलतो.

पाऊलवाट, 231, 800 आणि 1300 हे एकाच प्रश्नाचे तीन अंदाज आहेत असं धरून तू गोंधळते आहेस. 231 हा गोदीशी संबंधित निरनिराळ्या सेवांतल्या माणसांचा आकडा आहे. ते 66 जण त्यातच आले. बाहेरचे नागरिक पाचशेहून जास्त, ते वेगळे. मोठे आकडे आहेत ते एकूण अंदाजांचे. तेव्हा एक आकडा निवडून बाकीचे लपवू नकोस. कोणता आकडा कोणाला मोजतो ते एका वाक्यात सांग. 'एकूण मृत 800 ते 1300 च्या दरम्यान धरले जातात' असं लिहिण्यात कमीपणा नाही.

दुसरं, उतरवून घेतलेल्या माहितीवर विश्वास ठेवू नकोस, मग ती शंभर ठिकाणी सापडो. एक गंमत सांगतो. या स्फोटाचा धक्का सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला, हे सगळीकडे येतं. सोबत लिहिलेलं असतं की सिमला 1700 किलोमीटरहून लांब आहे. नकाशावर पट्टी लावून बघ. मुंबई ते सिमला सरळ रेषेत जेमतेम 1400 भरतात. जमिनीतला धक्का रस्त्याने किंवा आगगाडीने जात नाही. कोणीतरी एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी पट्टी न लावता उचललं.

तिसरं, मूळ कागद. चौकशी आयोग नेमला होता, त्याच्या अहवालाचा शोध घे. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेख खात्याचं दफ्तर आहे, तिथे विचार. आणि वर्तमानपत्रं. 15 एप्रिल ते मेअखेर, रोजचा अंक, पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि एशियाटिक ही दोन ठिकाणं आधी पाहा. तिथले कर्मचारी विषय समजला की फार मदत करतात. टिपणं काढताना प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर कुठून घेतलं, कुठलं पान, कुठली तारीख हे आधी लिही, मजकूर नंतर. उलट केलंस तर शेवटच्या रात्री रडशील.

गोदीकर | 3 जून, रात्री 9:30

मोडीवाचकांनी आकड्याचं बरोबर सांगितलं, पण एक राहिलं.

मी गोदीत लागलो 1971 ला. त्या वेळी 44 पाहिलेले दोन-तीन म्हातारे अजून कामावर किंवा कामाच्या आसपास होते. जेवणाच्या सुट्टीत बोलायचे. रोजंदारीवरच्या माणसाचं तेव्हा काय होतं? सकाळी मुकादमाने बोट दाखवलं की तो टोळीत, नाही दाखवलं तर घरी. गावाकडून आलेला, भाड्याच्या खोलीत दहाजणांत एक. तो त्या पाळीला आत होता हे मुकादमाला माहीत, आणि मुकादमही गेला असेल तर कोणालाच नाही. गावी पत्र यायचं थांबलं की घरच्यांनी समजायचं. असा माणूस कुठल्या आकड्यात धरणार?

मागाहून ढिगारा उपसायला आठ हजार माणसं सात महिने लागली होती, पाच लाख टन ढिगारा. त्यात कोण कोण होतं ते देवालाच ठाऊक.

निरंतर | 3 जून, रात्री 10:10

गोदीकरकाका, अंगावर काटा आला.

इथे मला चौकशी अहवालाबद्दल बोलायचंय. आग कशाने लागली याचं उत्तर म्हणून कुणा कामगाराच्या बिडी-सिगारेटकडे बोट दाखवलं जातं. असेलही. पण बिडीच्या ठिणगीने रुई पेटते, दोन ते चार तासांत विझते किंवा जळून जाते. ठिणगीचं रूपांतर एवढ्या संहारात झालं ते रुईच्या वर दारूगोळा रचला होता म्हणून. ते बिडी ओढणाऱ्याने रचलेलं नव्हतं. युद्धकाळ होता, जहाजात इंचभर जागाही रिकामी जाऊ द्यायची नाही असा रेटा होता. त्यात धोक्याचा माल असल्याचा लाल बावटा जहाजावर लावलेला नव्हता. धूर दिसल्यावर जहाज गोदीबाहेर न्यायचं की तिथेच बुडवायचं याचा निर्णय झाला नाही. जहाजाचा कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्कराचे लोक, अग्निशमन दल, सगळे तिथे होते आणि शेवटचा शब्द कोणाचाच नव्हता.

म्हणून 'कारण' हा शब्द एकवचनी वापरू नकोस.

शंकासुर | 3 जून, रात्री 10:25

हे उत्तम. 'कारण' आणि 'निमित्त' हे दोन वेगळे शब्द मराठीत आहेतच, ते वापरावेत. बिडी हे निमित्त.

दर्यावर्दी | 4 जून, सकाळी 7:50

परिणामांमध्ये धान्य विसरू नका. पन्नास हजार टनांहून अधिक धान्य जळालं म्हणतात. बंगालचा दुष्काळ आदल्याच वर्षीचा आणि मुंबईत 1943 पासून रेशन चालू. चुलीपर्यंत गेलेला स्फोट आहे हा.

वाचनमात्र | 4 जून, दुपारी 3:20

सहा वर्षं इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. आजी विरुद्ध कागद हा वाद मला फार जवळचा आहे, कारण मी स्वतः गावातल्या बायकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करते.

शंकासुर म्हणाले की सोन्याचा पाऊस हा स्फोटाचा पुरावा नाही. मान्य. पण तो दुसऱ्या एका गोष्टीचा पुरावा असू शकतो. युद्धामुळे बातम्यांवर बंदी होती. या स्फोटाची सविस्तर बातमी दुसऱ्या दिवशी, 15 एप्रिलला, जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दिली. इथल्या वार्ताहरांना बातम्या बाहेर पाठवायची परवानगी मिळाली ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे जवळजवळ चार आठवडे. शहराचा एक तुकडा डोळ्यांदेखत जळला, हजारो लोक बेघर झाले, आणि नेमकं काय झालं ते अधिकृतपणे मोकळेपणाने सांगणारं कोणी नाही. मग माणसं काय करणार? एकमेकांना सांगणार. 'जपान आला' आणि 'सोनं पडलं' या त्या चार आठवड्यांच्या बातम्या आहेत. तुमच्या आजीकडे स्फोटाची नसेल, पण त्या गप्प शहराची साक्ष आहे.

आणि आजींना पुन्हा विचारा, पण 'काय झालं होतं' असं विचारू नका. त्या प्रश्नाला घासून तयार झालेली गोष्टच बाहेर येते. तुम्ही कुठे उभ्या होतात, हातात काय होतं, जपानचं नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकलं, सोन्याचं कधी कळलं, असं एकेक विचारा. मध्ये थांबा. त्यांना आठवू द्या.

खडूफळा | 4 जून, दुपारी 3:41

वाचनमात्र, सहा वर्षं कुठे होतात! पाऊलवाट, तुझी चिठ्ठी हीच. माझ्या तीन प्रश्नांतला तिसरा.

शंकासुर | 4 जून, दुपारी 4:15

माझं वाक्य मी दुरुस्त करतो. पुरावा आहे, फक्त कशाचा ते सांगून वापरावा. मात्र मोडीवाचकांनी सांगितलेली वर्तमानपत्रं चाळल्याशिवाय 'छापून काहीच आलं नाही' असं लिहू नये. बाहेर बातमी जाऊ न देणं वेगळं आणि शहरात एक ओळही न छापणं वेगळं. 15 तारखेच्या अंकात काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

चिमणपाखरू | 4 जून, दुपारी 4:20

पाऊलवाट ताई, ग्रंथसंग्रहालयात जाशील तेव्हा मला सांग. मी येते पानं उलटायला.

पाऊलवाट | 8 जून, रात्री 10:55

चार दिवस गप्प होते, कारण आजीकडे होते. वाचनमात्र, तुम्ही सांगितलंत तसं विचारलं. लिहून घेतलंय, जसंच्या तसं नाही, पण शक्य तितकं.

ती नळावर होती. हातात तांब्याची कळशी, अर्धी भरलेली. आवाजाआधी पाणी हललं म्हणाली. हे तिने आम्हाला आजवर कधीच सांगितलं नव्हतं. कळशी सोडली नाही, कारण आई रागावेल. जपानचं नाव शेजारच्या बिऱ्हाडातल्या एका मुलाने घेतलं, तोही लहानच. मोठी माणसं काही बोलतच नव्हती, असं ती दोनदा म्हणाली. दुसरा आवाज झाला तेव्हा सगळे खाली रस्त्यावर होते.

आणि सोनं. मी विचारलं, सोनं पडताना तू पाहिलंस? ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नाही गं. ते पावसाळ्यात ऐकलं. तुझ्या पणजोबांचे मित्र आले होते, त्यांनी सांगितलं. पण मला आठवतं ते पडतानाच आठवतं."

निबंध मी पहिल्यापासून लिहायला घेतलाय. जहाज कराचीतून काढलं, आता सुरुवातीलाच ते व्हिक्टोरिया गोदीत आहे. प्रश्न एकच: स्फोटानंतरचे चार आठवडे मुंबईकरांना काय कळत होतं आणि कोणाकडून. 66 जणांचा परिच्छेद ठेवलाय. सिमल्याचा ठेवला नाही, पण नकाशावर पट्टी लावून पाहिली, 1400 च आहेत. पुढच्या शनिवारी ग्रंथसंग्रहालयात. चिमणपाखरू, ये.

शंकासुर | 8 जून, रात्री 11:10

"मला आठवतं ते पडतानाच आठवतं." हे वाक्य आहे तसं ठेवा. त्याच्या आधी किंवा नंतर काही स्पष्टीकरण जोडू नका. आणि आजींना माझा नमस्कार सांगा.

मोडीवाचक | 8 जून, रात्री 11:18

तारीख, वार, जागा, कोणी विचारलं, सगळं त्या टिपणाच्या डोक्यावर लिहिलंस ना? आता तेही एक साधन झालं.

गोदीकर | 8 जून, रात्री 11:36

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले होते. आजींना एक विचारशील का, त्या चाळीच्या गॅलरीतून कुठली बाजू दिसायची? मांडवीची की समुद्राची? आमचे म्हातारे म्हणायचे की रात्री उजेड एवढा होता की दिव्याची गरज नव्हती. ते खरं होतं का, हे मला कधीपासून कोणाला तरी विचारायचं होतं.

पाऊलवाट | 8 जून, रात्री 11:40

विचारते काका. जागीच आहे ती अजून.